पाण्याचे वकील

(गारगोटी येथे शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेत दिलेले भाषण)



आपण आम्हास वकिलांविषयी बोलावयास बोलाविले, याचे प्रथम आम्हास नवल वाटले. कुणब्याच्या घरात वकिलाचे नाव निघाले की बायाबापड्या कपाळास हात लावतात. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो, आणि त्यात खोटे काही नाही. बांधाच्या दोन हातांसाठी दोन एकर विकणारे भाऊ आम्ही डोळ्यांनी पाहिले आहेत. तथापि आज आम्ही आपणांस उलटी गोष्ट सांगणार आहोत. आपण कोर्टाची पायरी चढलो नाही तरी आपले पाणी केव्हाच ती पायरी चढून गेले आहे. वेदगंगा या गावाच्या अंगाने वाहते, पुढे दूधगंगेस मिळते, दूधगंगा कृष्णेस मिळते. या वाटेवर तिच्या थेंबाथेंबाचा हिशेब कोणत्या ना कोणत्या कायद्यात मांडलेला आहे. तो हिशेब ज्याला वाचता येतो त्याच्या शेतात पाणी जाते. ज्याला येत नाही तो आभाळाकडे पाहत बसतो.

आधी आमच्याच घरची हकीकत सांगतो. आमच्या आजोबांचा एका विहिरीत चार आणे हिस्सा होता. विहीर खणताना त्यांनी आपली बैलजोडी घातली, सुरुंगाचा खर्च दिला, आणि पुढे मोटेची पाळी ठरली, ती कोणी मोडली नाही. मोट गेली, इंजिन आले. इंजिन गेले, विजेची मोटर आली. मोटरीची जोडणी चुलत्यांच्या नावे घेतली, कारण घरचाच माणूस! वाटण्या झाल्या तेव्हा जमिनीचे फेरफार झाले, पण सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात आमच्या चार आण्यांची नोंद करावी, हे कोणास सुचले नाही. पुढल्या पिढीत वाकडे आले आणि एका उन्हाळ्यात मोटरीच्या खोलीस कुलूप पडले. आम्ही तालुक्याच्या एका वकिलाकडे गेलो. त्यांनी दिवाणी दावा लावला, तारखांवर तारखा पडल्या, तीन वर्षे गेली, ऊस वाळून गेला. या कामी मामलेदाराकडे सहा महिन्यांच्या आत अर्ज केला असता तर पाणी लवकर सुरू होण्याचा मार्ग होता, ही गोष्ट आम्हास सहा महिने उलटून गेल्यावर कळली, आणि तीही एका कारकुनाच्या तोंडून. त्या वकिलास आम्ही लबाड म्हणत नाही. त्यास पाण्याचा कायदा ठाऊक नव्हता, एवढेच. पोटदुखीवर पाय चेपणारा वैद्य लबाड नसतो, पण रोगी मरतोच.

सबब पाण्याचा वकील हा निराळा माणूस असतो आणि निराळा असावयास पाहिजे. त्याचे काम काय, हे आता पायरीपायरीने पाहू.

पहिली पायरी विहिरीची आणि पाटाची. १८८२ सालचा सुखाधिकाराचा कायदा आहे. दुसऱ्याच्या रानातून आपला पाट वीस वर्षे उघडपणे, शांतपणे, हक्काने आणि खंड न पडता वाहत आला असेल, तर तो पाट चालू ठेवण्याचा हक्क आपणांस मिळतो, असे तो कायदा सांगतो. यातील ‘हक्काने’ या शब्दात सगळी मेख आहे. ‘दादा, तुमच्या रानातून पाणी नेऊ का?’ असे विचारून, त्यांच्या मेहरबानीवर नेलेले पाणी चाळीस वर्षे नेले तरी त्याचा हक्क होत नाही. शिवाय ठरलेल्या प्रवाहात न वाहणाऱ्या भुईतल्या पाण्यावर असा वहिवाटीचा हक्क मिळतच नाही. विहिरीशेजारी दुसऱ्याने बोअर मारली आणि आपली विहीर आटली, तर या कायद्याने हाती फारसे काही लागत नाही. तेथे भूजलाचे निराळे कायदे पाहावे लागतात. पिण्याच्या पाण्याच्या रक्षणासाठी १९९३ साली एक कायदा झाला, आणि पुढे २००९ चा भूजल कायदा झाला. कोणत्या दाराने आत जावयाचे हे सांगणारा तोच खरा वकील.

पाट नाहीच आणि नवा काढावयाचा आहे, शेजारी अडवतो, तर काय करावे? महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ याचे कलम ४९ पाहावे. ज्याला पाणी घेण्याचा हक्क आहे त्याने तहसीलदाराकडे अर्ज करावा. तहसीलदार दोन्हीकडचे ऐकून, शेजाऱ्याचे होईल तितके कमी नुकसान करून, त्यास भरपाई देववून पाट काढण्याची परवानगी देऊ शकतो. पाट असेल तर रुंदी दीड मीटरहून जास्त नको, नळ पुरावयाचा तर निदान अर्धा मीटर खोल पुरावा, इतका बारकावा त्या कलमात आहे. आणि चालू पाणी कोणी अडविले, नैसर्गिक ओघळीस बांध घातला, विहिरीच्या वा पाटाच्या पाण्याची वहिवाट मोडली, तर मामलेदार कोर्टाचा १९०६ चा कायदा आहे. मुदत सहा महिने. हे आकडे घरी जाऊन चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने लिहून ठेवा. आमची तीन वर्षे गेली ती या एका आकड्यापायी.

दुसरी पायरी नदीची आणि धरणाची. येथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. नदी, नाला, ओढा यांतील पाणी कोणाच्या बापजाद्याचे नाही. ते कायद्याने सरकारच्या ताब्यात आहे. इंग्रजी अमदानीत १८७९ सालचा मुंबई पाटबंधारे कायदा झाला, तेव्हापासून हा शिरस्ता पडला, आणि १९७६ च्या महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियमाने तो पुढे चालविला. पण सरकार मालक आहे म्हणजे सावकार आहे असे नव्हे. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने हिमाचलातील बियास नदीच्या एका खटल्यात सांगितले की नद्या, वने यांचे सरकार हे विश्वस्त आहे, ती लोकांची ठेव आहे. विश्वस्ताकडून हिशेब मागावयाचा असतो, आणि तो मागणारा माणूस म्हणजे पाण्याचा वकील.

हिशेब मागण्याची परंपरा आपणांकडे जुनी आहे. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यात पाटबंधारे खात्याचे कामगार पाणीपट्टी वसूल करतात पण वेळेवर पाणी देत नाहीत, ही तक्रार मांडली. करवीरच्या शाहू छत्रपतींनी १९०२ साली पाटबंधाऱ्यांचे धोरण आखले आणि पुढे भोगावतीवर राधानगरीचे धरण बांधावयास घेतले. याच मुलखातून बरग्यांचे बंधारे निघाले, ते आज साऱ्या महाराष्ट्रात ‘कोल्हापूर पद्धतीचे बंधारे’ म्हणून ओळखले जातात. पावसाळा सरता बरगे घालावयाचे आणि पावसाळ्यापूर्वी काढावयाचे, हे आपले पोरही सांगेल. पण बंधाऱ्यातील पाणी कोणी, किती अश्वशक्तीच्या मोटरीने, किती दिवस उपसावे, उपसाबंदीचा हुकूम केव्हा व कोणत्या अधिकाराने निघावा, हे किती जणांस सांगता येईल? १९७६ चा कायदा झाल्यावर त्याचे स्वतःचे नियम कितीतरी वर्षे झालेच नव्हते आणि जुन्या कायद्याच्या नियमांवर कारभार हाकला जात होता, हे किती जणांस ठाऊक होते? नियमच नाहीत तर हुकूम कोणत्या आधाराने? असा प्रश्न विचारावयास कायदा वाचलेला माणूस लागतो.

दुसरे एक उदाहरण घ्या. २००३ साली राज्याचे जलधोरण ठरले. त्यात प्रथम पिण्याचे पाणी, दुसरा कारखाना आणि तिसरे शेत, असा क्रम लागला. शेतकऱ्यास दुसऱ्या पायरीवरून तिसऱ्या पायरीवर बसविले, आणि गावोगाव कोणास पत्ता नव्हता! ओरड झाल्यावर २०११ साली तो क्रम फिरविला आणि शेत पुन्हा कारखान्याच्या वर आले. कागदावरची एक ओळ वर गेली की खाली आली, यावर धरणाचे दार कोणाकडे उघडणार हे ठरते.

तिसरी पायरी जिल्ह्याजिल्ह्यांतील आणि राज्याराज्यांतील तंट्यांची. २००५ साली महाराष्ट्रात जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला. त्याच्या कलम १२ मध्ये असे आहे की एका खोऱ्यात तुटीच्या वर्षी वरच्या आणि खालच्या धरणांनी टंचाई सारखी सोसावी. मराठवाड्यातील लोकांनी याच शब्दांचा आधार घेतला. वर नाशिक-नगरची धरणे भरतात आणि खाली जायकवाडी कोरडी राहते, हे त्यांचे दुःख वर्षानुवर्षांचे. १९ सप्टेंबर २०१४ रोजी प्राधिकरणाने समन्यायी वाटपाचा हुकूम दिला आणि २३ सप्टेंबर २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तत्त्व म्हणून तो उचलून धरला. वरच्यांस तो कडू लागला, खालच्यांस गोड. पण पाणी मागण्यास मोर्च्याबरोबर कलमही लागते, हा धडा दोघांनीही घेतला.

आणि आपल्या कृष्णेचे काय? १९५६ सालच्या आंतरराज्य नदी पाणीतंटा कायद्याखाली १९६९ साली न्यायमूर्ती बच्छावत यांचा लवाद नेमला गेला. त्याचा निवाडा १९७३ साली झाला आणि पुढील खुलाशांसह १९७६ साली राजपत्रात आला. चार वर्षांत तीन वर्षे खात्रीने मिळेल असे पाणी २०६० टीएमसी धरले, आणि परत नदीत येणारे पाणी वेगळे ठेवून महाराष्ट्रास ५६०, कर्नाटकास ७०० व तेव्हाच्या आंध्रास ८०० अशी वाटणी केली. एक टीएमसी म्हणजे सुमारे २८३१ कोटी लिटर. पाटगावचे धरण सुमारे पावणेचार टीएमसीचे. म्हणजे पाटगावात साठणारे पाणीही त्याच मोठ्या वहीत महाराष्ट्राच्या नावावर मोजले जाते. पुढे २००४ साली न्यायमूर्ती ब्रिजेशकुमार यांचा दुसरा लवाद बसला, त्याने २०१० आणि २०१३ साली अहवाल दिले, त्यांत महाराष्ट्राचा वाटा ६६६ टीएमसी धरला. पण सर्वोच्च न्यायालयाने २०११ सालीच त्याची राजपत्रातील प्रसिद्धी रोखून धरली, आणि २०१४ साली तेलंगण निराळे झाल्यावर वाटणीत आणखी गुंता पडला. या लवादांपुढे जे वकील उभे राहतात त्यांना पन्नास वर्षांच्या पावसाचे, पुराचे, पिकांचे कागद तोंडपाठ असावे लागतात. आपल्या शिवारात किती पाणी खरोखर वापरले जाते, याची नोंद गावात नसेल तर तो वकील बिचारा कोठून दाखविणार?

आता चौथी पायरी, आणि ती आमच्या मते सर्वांत महत्त्वाची. ज्यांना पाण्यास शिवूच दिले नाही त्यांची गोष्ट. जोतीरावांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला. रावबहादूर सी. के. बोले यांनी १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात ठराव आणला की सार्वजनिक पाणवठे सर्वांस मोकळे असावेत. महाडच्या म्युनिसिपालिटीने तो मान्य केला, पण कागदावर. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. पुढे डिसेंबरात काही सवर्णांनी दिवाणी कोर्टात दावा लावला. तळे खाजगी आहे, अस्पृश्यांनी तेथे न येण्याची वहिवाट परापूर्वीची आहे, असे त्यांचे म्हणणे. डॉ. बाबासाहेब या दाव्यात प्रतिवादी होते आणि स्वतः बॅरिस्टर होते. १९३१ साली खालच्या कोर्टात निकाल अस्पृश्यांच्या बाजूने झाला, अपिले झाली, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अखेरचा निकाल दिला की ही वहिवाट अनादी कालापासूनची असल्याचे सिद्ध झालेले नाही. दहा वर्षे लागली! ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षे.

यात एक बारीक गोष्ट पाहा. ज्या ‘वहिवाट’ शब्दाने गरिबाला बांधले होते, तो शब्दच उलटवून पुरावा मागितला गेला. ‘पूर्वापार’ म्हणता, तर दाखवा केव्हापासून! हा प्रश्न कोर्टात विचारता आला, कारण विचारणारा आपल्या घरात शिकून मोठा झाला होता. शाहू महाराजांनी अस्पृश्य तरुणांस वकिलीच्या सनदा दिल्या, त्या का दिल्या, याचे उत्तर चवदार तळ्याच्या दाव्यात सापडते.

बंधूंनो, हे सारे ऐकून कोणी म्हणेल, मग लढू या, दावे लावू या. थांबा. आम्हास इचलकरंजीची आठवण होते. २०१२ साली त्या शहरात काविळीची साथ आली आणि माणसे दगावली. पंचगंगेचे पाणी मैले, म्हणून शहराने दूधगंगेवर कागल तालुक्यातील सुळकूड येथून पाणी आणण्याची योजना धरली. २०२३ साली त्यावरून मोठा वाद पेटला. एकीकडे मागावर राबणारा विणकर, त्यास घोटभर स्वच्छ पाणी पाहिजे. दुसरीकडे नदीकाठचा शेतकरी, त्यास उन्हाळ्यात आपले पीक वाळेल ही भीती. दोघेही आपलेच. दोघांचेही म्हणणे खरे. मग खोटे कोणाचे? ज्याने पंचगंगा मैली केली त्याचे! पाण्याच्या प्रदूषणाचा कायदा १९७४ पासून आहे. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की प्रदूषणमुक्त पाणी हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. खरा पाण्याचा वकील विणकराला शेतकऱ्याविरुद्ध उभे करणार नाही. तो दोघांना एका बाकावर बसवील आणि नदी घाण करणाऱ्यास समोर उभे करील.

आपल्या तालुक्यातही प्रश्न दाराशी आला होताच. पाटगावच्या पाण्यावर घाटाखाली वीज करण्याची एक खाजगी योजना निघाली आणि भुदरगडात तिला विरोध झाला. अशा वेळी नुसते ‘नको’ म्हणून भागत नाही आणि नुसते ‘विकास’ म्हणूनही भागत नाही. किती पाणी, कोणाच्या वाट्यातून, एकदाच भरणार की दरसाल, बाष्पीभवनाची तूट कोण सोसणार, उन्हाळ्यात वेदगंगेत काय उरणार, पर्यावरणाची जनसुनावणी कोठे व कोणत्या भाषेत, हे प्रश्न लेखी विचारावे लागतात आणि लेखी उत्तर घ्यावे लागते.

मग आपण काय करावे? आम्ही चार गोष्टी सुचवितो.

एक. प्रत्येक गावाने पाण्याचे दप्तर ठेवावे. विहिरीतील हिस्से, पाळ्या, पाटांच्या वाटा, बंधाऱ्याची बरगे घालण्याची तारीख, पाणीपट्टीच्या पावत्या, हे सारे एका वहीत. पूर्वी हे दप्तर कुळकर्ण्याच्या घरी असे आणि आपण त्याच्या तोंडाकडे पाहत असू. शाहू महाराजांनी १९१८ साली वतनी कुळकर्णी काढून पगारी तलाठी नेमले. आता वही आपल्या हाती येऊ शकते, आणि आळस आपलाच आहे. घरोघर आजच सातबारा काढून ‘इतर हक्क’ हा रकाना वाचा. हिस्सा लिहिलेला नसेल तर भाऊबंद गोडीत आहेत तोवर लिहून घ्या. वाकडे आल्यावर कोणी सही करीत नाही.

दोन. २००५ च्या दुसऱ्या एका कायद्याने शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांस पाणी मोजून घेण्याचा व आपसांत वाटण्याचा अधिकार दिला आहे. संस्था काढा, पण ती चार उसवाल्यांची करू नका. पुरंदर तालुक्यातील नायगावास विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत काढली. तिने पाणी जमिनीच्या मापाने न वाटता घरातील माणसांच्या मापाने वाटले आणि भूमिहीनासही वाटा दिला. कुंभाराला चिखल कालवावयास, परटाला कपडे धुवावयास, ढोराला कातडे कमवावयास पाणी लागते, पण कायद्याच्या रकान्यात ‘शेती’ आणि ‘कारखाना’ यांच्यामध्ये तो कोठेच सापडत नाही. त्याला गावाच्या वहीत तरी जागा द्या.

तीन. बायकांस या कामी पुढे घ्या. सातबारा पुरुषाच्या नावे, म्हणून संस्थेचा सभासदही पुरुषच. आणि उन्हाळ्यात घागर कोणाच्या डोक्यावर? ज्याच्या डोक्यावर घागर त्याला मत, हा न्याय कायद्याने सांगण्याची वाट पाहू नका.

चार. आपल्या मुलामुलींस कायदा शिकवा. नुसता फौजदारी नव्हे, नुसता दस्त करण्यापुरता नव्हे. नकाशा वाचणारा, धरणाच्या पातळीचा तक्ता समजणारा, पाटकऱ्याशी पाटकऱ्याच्या भाषेत आणि न्यायाधीशाशी न्यायाधीशाच्या भाषेत बोलणारा वकील या तालुक्यातून निघाला पाहिजे. त्याने पहिला सल्ला हा द्यावा की तडजोड होते का पाहा. दुसरा सल्ला, मुदत कोणती ते पाहा. फी तिसरी.

आमच्या घरचा तो दावा पुढे आपसांत मिटला. चुलत्यांच्या मुलाने एक दिवस स्वतः येऊन कुलूप काढले, कारण त्याच्याही मुलाने विचारले की आपण हे का केले. हिस्सा आता सातबाऱ्यावर लागला आहे, चार आणे, आजोबांच्या बैलजोडीचे. तीन वर्षांचा ऊस मात्र परत आला नाही.

इतके बोलून आम्ही आपली रजा घेतो. घरी जाताना वेदगंगेच्या पुलावर घटकाभर थांबा आणि मनाशी एवढेच विचारा, या पाण्यात आमचा वाटा किती, आणि तो कोठे लिहिलेला आहे?